अप्पांचा हिवाळा

काळाशी झुंज देऊन त्याला मागे हटवणारी माणसं इतिहासात फार थोडी होऊन गेली, आणि माझे मामेसासरे त्यांतले एक होते, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. निदान ऑक्टोबर ते मार्च एवढ्या काळाशी तरी ते नक्की झुंजले. बायकोचे हे मामा लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. तीस वर्षं त्यांनी यॉर्कशरच्या लोकांना झोपवलं आणि, ते स्वतःच सांगत तसं, सगळ्यांना परत उठवलं. इतक्या लोकांना गप्प करायची सवय लागलेल्या माणसाला जागेपणी कुणी विरोध केलेला खपत नाही, हे मला लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात कळलं. वॉटफर्डहून आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा जानेवारी होता, घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, मामा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होते आणि मामी ओव्हरकोट घालून पोळ्या लाटत होत्या. मी नकळत हात चोळायला लागलो. मामांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, थंडीला एकदा ओळख दाखवलीत की ती घरी येऊन बसते."

त्यांचं थंडीशी वैर होतं ते तत्त्वाचं. सकाळी दाराशी दुधाच्या बाटल्या उचलायला आलेला शेजारी रिवाज म्हणून म्हणे की आज जरा गारठाच आहे. अशा वेळी इंग्रज माणसाला समोरून नुसतं 'हो ना' हवं असतं. मामा विचारत, कशाच्या मानाने? मग तो बिचारा हातात बाटल्या घेऊन विचार करत उभा राही. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर हातमोजे घालणं हा त्यांच्या मते दिखाऊपणा होता. नोव्हेंबरात ते बागेतल्या खुर्चीवर बसून पेपर वाचत. पेपर वाऱ्याने उडाला तर दुसरा आणत, पण आत येत नसत. मामींनी या विषयावर त्यांच्याशी बोलणं फार पूर्वीच सोडून दिलं होतं. त्या फक्त दर वर्षी एक स्वेटर विणून मामांच्या खुर्चीवर ठेवत, आणि मामा तो मांजरासाठी आहे असं समजून बाजूला सारत. त्यांच्याकडे मांजर नव्हतं.

अप्पा येईपर्यंत हे सगळं निरुपद्रवी होतं.

अप्पा म्हणजे मामांचे वडील. तालुक्याच्या गावी त्यांनी आयुष्यभर हेडमास्तरकी केली. ते गेल्यावर गावाला गहिवर आला आणि शाळेसमोर त्यांचा अर्धपुतळा उभारायचा ठराव नगरपालिकेत झाला. मूर्तिकाराने सिमेंट आणि दगडाची भुकटी कालवून पुतळा ओतला, वरून तांब्याचा वाटेल असा रंग दिला. टोपी, बंद गळ्याचा कोट, मिशा, आणि नाकावर सिमेंटचा चष्मा. शाळेसमोर चौथराही बांधून झाला. तेवढ्यात निवडणूक झाली, नवी मंडळी आली, आणि त्या चौथऱ्यावर दुसरेच एक गृहस्थ बसवले गेले, ज्यांनी, मामांच्या माहितीप्रमाणे, ती शाळा आयुष्यात फक्त बाहेरून पाहिली होती. अप्पांची रवानगी पालिकेच्या कोठीत झाली. तिसऱ्या वर्षी मामा सुट्टीवर गेले तेव्हा त्यांना वडील तिथे सापडले: एका बाजूला औषधफवारणीचे पंप, दुसऱ्या बाजूला मोडकी बाकं, टोपीवर कुणीतरी सायकलची ट्यूब अडकवलेली, आणि तोंड भिंतीकडे. जन्मभर ज्यांनी पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, ते स्वतः तीन वर्षं तसे उभे होते. मामांनी पोचपावतीवर सही केली, पेटी बनवून घेतली आणि अप्पांना बोटीने इंग्लंडला आणलं. बंदरावरच्या फॉर्ममध्ये मालाचं वर्णन लिहायचं होतं. मामांनी लिहिलं, 'वडील, सिमेंटचे, नग एक.'

लीड्समधल्या घरापुढच्या बागेत, गुलाबाच्या वाफ्याशेजारी, मामांनी विटांचा चौथरा बांधला. त्र्याऐंशीच्या मे महिन्यात महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांच्या हस्ते अनावरण झालं. अध्यक्षांनी अप्पांना कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना बोलायला काहीच अडचण आली नाही. ते पाऊण तास बोलले. त्यात 'अजरामर' हा शब्द सात-आठ वेळा आला, मग पाऊस आला, आणि आम्ही सगळे समोशांकडे धावलो. अप्पा तिथेच राहिले. दूधवाल्याने दुसऱ्या दिवशी चौकशी केली, हे कोणी सेनापती का? मामांनी सांगितलं, हेडमास्तर. दूधवाला नकळत ताठ उभा राहिला आणि बाटल्या आवाज न करता ठेवून गेला. मामा म्हणायचे की गावाला जे तीन वर्षांत समजलं नाही ते या माणसाला एका सकाळी समजलं.

पहिला हिवाळा जवळ आला तेव्हा मामींनी साधी सूचना केली की चार महिने पुतळा गॅरेजमध्ये ठेवावा. सगळ्या घराला माहीत आहे की त्या दिवशी मामा जेवले नाहीत. "अप्पा पुन्हा कोठीत जाणार नाहीत," एवढंच ते म्हणाले. गॅरेजमध्ये मामांच्या गाडीशेजारी लॉनमोअर होता, रंगाचे डबे होते, एक मोडकी खुर्चीही होती. फवारणीचे पंप तेवढे नव्हते. पुतळा उघड्यावर उभा राहण्यासाठीच असतो, आत नेला की त्याची शोभेची वस्तू होते, असा त्यांचा सिद्धांत होता. थंडीच्या भीतीने अप्पांना आत घेणं म्हणजे नगरपालिकेचा निकाल आपणच कायम करणं. मूर्तिकाराने शंभर वर्षांची हमी दिली होती, तिचा कागद त्यांनी मला दाखवला. हमीत ऊन होतं, पाऊस होता, पक्ष्यांचाही उल्लेख होता. बर्फाचा नव्हता. तालुक्याच्या गावी तो कुणाला सुचणार?

त्या पहिल्या वर्षी मामांनी अप्पांना दोन ब्लँकेटं आणि मामींची एक शाल गुंडाळली. लोकर पावसात भिजली, मग गोठली, आणि आठवडाभर अप्पा चिलखत घातल्यासारखे दिसत होते. रंगाचे पोपडे निघाले. मामांनी याचा दोष लोकरीला दिला. दुसऱ्या वर्षी त्यांनी प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाती घेतला. पेशंटला उबदार ठेवायचं, बाहेरचं काही आत जाऊ द्यायचं नाही, हे त्यांचं रोजचंच काम. त्यांनी जाड प्लास्टिक आणलं, अप्पांना टोपीपासून चौथऱ्यापर्यंत तीन वेढे दिले, सगळे सांधे चिकटपट्टीने बंद केले आणि मानेभोवती आणखी एक पट्टी घट्ट आवळली. आत मुंगीही जाणार नाही, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही लीड्सला गेलो असताना, चला पेशंट बघू, म्हणत त्यांनी ते सोडलं. आतून पाणी ठिबकत होतं. सगळ्या हिवाळ्याची ओल आतल्या आत कोंडली होती. ती सिमेंटमध्ये मुरली, रात्री गोठली, दिवसा वितळली, पुन्हा गोठली. प्लास्टिकच्या तळाशी अप्पांचा उजवा कान पडला होता.

शेजारचा आर्थर कुंपणावर कोपरं टेकून हे पाहत होता. आर्थर हा रिटायर झालेला गवंडी. जन्मभर त्याने चर्चांच्या भिंती आणि थडग्यांचे दगड दुरुस्त केले होते, आणि ज्यांच्यासाठी काम केलं ते तक्रार करत नाहीत म्हणून तो त्या धंद्यावर खूश होता. तो आत आला, कान उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, थंडीने दगड मरत नाही, ओलीने मरतो. मग त्याने प्लास्टिकच्या ढिगाकडे पाहिलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुम्ही त्याला श्वासच घेऊ दिला नाहीत."

मामा म्हणजे तीस वर्षं दुसऱ्यांच्या श्वासावर डोळा ठेवून बसलेला माणूस. मामा उत्तर न देता खुर्चीवर बसले, हे मी प्रथमच पाहत होतो. ते मामींच्याही लक्षात आलं असावं, कारण त्या वर्षीचा स्वेटर त्यांनी आणून त्यांच्या खांद्यावर टाकला आणि मामांनी तो काढला नाही. दहा मिनिटं तरी.

पण म्हणून अप्पा आत गेले असं नाही. आर्थरने नवा कान घडवून बसवला. समोर नमुना नसल्याने त्याने आरशात पाहून स्वतःचाच घेतला, त्यामुळे अप्पांचा उजवा कान तेव्हापासून यॉर्कशरचा आहे आणि डाव्यापेक्षा बराच मोठा. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी मुद्दाम विचारलं, काय डॉक्टर, अप्पांना हल्ली ऐकायला कमी येतं म्हणे? मामा म्हणाले, "उलट. आता त्यांना इंग्रजीसुद्धा कळतं." त्यानंतर आर्थरने शिकवलेली पद्धत मामांनी धर्मासारखी पाळली. सप्टेंबरात शेवाळ मऊ ब्रशने काढायचं, ऊन असेल तेवढे दिवस पुतळा पुरता वाळू द्यायचा, खाली तीन फरशीचे तुकडे सरकवायचे म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही, आणि वरून जाड कॅनव्हासचा सैल झगा, खालून मोकळा, वारा खेळेल असा. हा झगा मामींनी एका जुन्या तंबूचा शिवून दिला. आत ठेवा असं सांगणाऱ्या बाईनेच बाहेर राहण्याची सोय शिवून द्यावी यात काही विसंगती आहे असं त्यांना वाटलं नाही, आणि मामांनी ती दाखवून दिली नाही.

दर रविवारी सकाळी मामा झगा वर करून अप्पांना तपासत. डॉक्टर छातीवर बोटं ठेवून ठोकतात तसं ते छाती, पाठ, खांदे ठोकून पाहत. आत कुठे पोकळ झालं असेल तर आवाज बदलतो. रस्त्याने चर्चला जाणारी माणसं हे पाहून चाल थोडी वाढवत. मग आम्हाला वॉटफर्डला फोन येई, की अप्पांची छाती साफ आहे. माझी चौकशी होईच असं नाही. एकदा कौन्सिलमधून एक बाई आल्या. कॅनव्हासमधलं ते काय आहे याबद्दल त्यांच्याकडे विचारणा झाली होती. त्यांनी झग्याखाली वाकून पाहिलं, अप्पांशी नजरानजर झाल्यावर 'सॉरी' म्हणाल्या, आणि मामांना विचारलं की हे बांधकाम कायमस्वरूपी आहे का. मामा म्हणाले, "तेच तर प्रयत्न चालू आहेत." बाईंनी तसं लिहून घेतलं आणि त्या गेल्या. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत जुन्या यॉर्कशरवाल्यांनीही मान्य केलं की ही खरी थंडी. अप्पा तिच्यातून दोन्ही कानांनिशी बाहेर आले. मामांनी त्या मार्चमध्ये पेढे वाटले. कशाचे, हे विचारायची पोस्टमनची हिंमत झाली नाही.

एक्याण्णवच्या फेब्रुवारीत मात्र हरायची वेळ आली. मामा तोवर रिटायर झाले होते. रात्रीच्या वाऱ्याने झग्याचा एक बंद सुटलेला त्यांना सकाळी खिडकीतून दिसला. ते बूट न घालता, घरातल्या सपातांवर बाहेर गेले आणि चौथऱ्याच्या अलीकडे बर्फावर घसरले. मांडीचं हाड मोडलं. त्यांच्याच हॉस्पिटलात त्यांना नेलं. भूल द्यायला त्यांचीच एक विद्यार्थिनी होती, आणि डोळे मिटेपर्यंत मामा तिला डोस सांगत होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे मामींकरवी आर्थरला निरोप पाठवला: रोज सकाळी सात वाजता पुतळ्याजवळचं तापमान घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. तक्ता कसा आखायचा तेही कळवलं. चार्टशिवाय पेशंट सोडून जाणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

मी शुक्रवारी गाडी काढून लीड्सला पोचलो. तोपर्यंत झगा फाटून कुंपणाला अडकला होता आणि अप्पांच्या टोपीवर वीतभर बर्फ होता. आर्थरने बोटांनी त्यांची छाती ठोकली, पाठ ठोकली, आणि मानेशी थांबला. पुन्हा ठोकलं. मलाही ठोकायला लावलं. आवाज मडक्यासारखा येत होता. मानेभोवती केसासारखी बारीक भेग गेली होती. रेडिओवर पुढचा आठवडा याहून वाईट सांगत होते. आर्थर म्हणाला, अशा आणखी दोन रात्री गेल्या की डोकं खाली येईल, आणि डोकं कानासारखं आरशात पाहून करता येत नाही.

गॅरेज पंधरा पावलांवर होतं. मामा या जन्मात मला क्षमा करणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि अप्पांचं डोकं गेलं तर ते स्वतःला करणार नाहीत हेही माहीत होतं. मी काही हो-नाही म्हणायच्या आत मामी दारात आल्या.

"आत घ्या त्यांना," त्या म्हणाल्या. "कोठीत टाकणं वेगळं आणि आजारी माणसाला आत घेणं वेगळं. काही झालं तर मी सांगितलं म्हणा."

आर्थरने दगड वाहायची त्याची गाडी आणली. अप्पा सावकाश, मान सांभाळत, गॅरेजमध्ये गेले. मामी पुढे होऊन लॉनमोअर आणि रंगाचे डबे एका बाजूला लावत होत्या. आम्ही अप्पांना कोपऱ्यात टेकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, असे नाही, आणि आम्हाला ते वळवायला लावले. अप्पांचं तोंड दाराकडे झालं तेव्हाच त्यांनी दिवा लावला आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. मामांनी पायाबद्दल, ऑपरेशनबद्दल काही सांगितलं नाही. अप्पा कसे आहेत, विचारलं. मी म्हणालो, जागेवर आहेत. कुठल्या जागेवर हे त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये असं मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. त्यांच्या खिडकीतून बर्फाचं वादळ दिसत होतं. ते पाहत मामा समाधानाने म्हणाले, "करू दे त्याला काय करायचं ते."

मार्चच्या मध्यावर ते घरी आले. त्याआधी दोन दिवस आर्थरने मानेची भेग चुन्याने भरली होती, अप्पांना पुन्हा चौथऱ्यावर बसवलं होतं, आणि खांद्यांवर बागेतली माती चोळली होती, कारण त्याच्या मते इतकं स्वच्छ कुणी हिवाळ्यातून बाहेर येत नाही. मामा चालायच्या चौकटीवर भार देत थेट बागेत गेले. अर्थात कोटाशिवाय. त्यांनी छाती ठोकली, पाठ ठोकली, मानेशी थोडे रेंगाळले. मग आमच्याकडे वळून त्यांनी एक छोटं भाषण केलं. सहा आठवडे, एकटे, उघड्यावर, झगा फाटलेला. आणि तुम्ही सगळे वर्षानुवर्षं गॅरेज गॅरेज करत होतात. आम्ही मान्य केलं. मामी कोथिंबीर निवडत होत्या, त्यांनीही मान हलवली.

मग त्यांनी आर्थरकडे हात पुढे केला आणि चार्ट मागितला.

चार्टची आठवण मला उरलीच नव्हती. आर्थरला होती. पुतळ्याजवळचं तापमान लिहायला सांगितलं होतं, आणि तो सरळ माणूस होता. त्याने रोज सकाळी सात वाजता गॅरेजमध्ये जाऊन, पुतळ्याजवळचं तापमान लिहिलं होतं. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून दिला. मामांनी चष्मा लावला आणि तो पेशंटचा कागद वाचावा तसा वरपासून खालपर्यंत वाचला. चार, चार, पाच, चार, चार, पाच. त्या पहिल्या शुक्रवारनंतर शून्याच्या खाली एकही आकडा नव्हता.

आर्थर कुंपणाकडे पाहत होता. मामींनी कोथिंबीर खाली ठेवली.

"तोंड दाराकडे होतं हो त्यांचं," त्या हळूच म्हणाल्या. "दिवाही होता."

मामांनी कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून एकदा थोपटली. मग अप्पांच्या खांद्यावरची माती त्यांनी बोटाने पुसून पाहिली. "यंदा," ते म्हणाले, "हिवाळा सौम्य होता."

पुढच्या ऑक्टोबरात त्यांनी मला फोन करून सांगितलं की गॅरेजला पांढरा रंग दिला आहे, लॉनमोअर आणि डबे काढून टाकले आहेत, भिंतीत एक नवी खिडकी पाडून घेतली आहे, आणि ती जागा आता गॅरेज राहिलेली नसून रिकव्हरी वॉर्ड आहे. गंभीर पेशंटला ऑपरेशननंतर उघड्यावर ठेवणारा डॉक्टर आपण तरी पाहिलेला नाही, असंही ते म्हणाले, जणू इतकी वर्षं हे मीच करत होतो. आपली हार झाली असं त्यांनी कधीही मानलं नाही, आणि आम्हीही तो विषय काढला नाही. त्यानंतर दर हिवाळ्यात ते दुपारी त्या वॉर्डाचं दार उघडं टाकून, आत खुर्ची घेऊन, अप्पांशेजारी पेपर वाचत बसत. सत्त्याण्णव साली मामा गेले. तेही जूनमध्ये, हिवाळ्याला त्यांनी ती संधी मिळू दिली नाही. मामी अजून त्याच घरात आहेत, आणि सप्टेंबर आला की ब्रश घेऊन बागेत जातात.

अप्पा सुखरूप आहेत. गॅरेजमध्ये जागा न उरल्याने रस्त्यावर उभी केलेली मामांची गाडी तिसऱ्याच हिवाळ्यात गंजून मोडीत निघाली.